अवलंबितांची खिडकी

लग्नाला सव्वा महिना झाला, पण सुनेच्या तोंडून कर्नलीणबाईंनी शंभर शब्द ऐकले असतील तर शपथ. तेही ‘हो’ आणि ‘नाही’ धरून. चहा ठेवू का, हे विचारायचं तर ही बया रिकामं पातेलं वर करून दाखवायची. मुलगा सुट्टी संपवून निघाला त्या सकाळी शेजारणी कामं टाकून दारात उभ्या राहिल्या होत्या. नवी नवरी रडेल, निदान नाक तरी ओढेल, अशी त्यांची अपेक्षा. हिने गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितलं, आत गेली आणि भांडी घासायला बसली. आदल्या तासाला घासून ठेवलेलीच भांडी.

“रडत नाही, हसत नाही, भांडायचं तर नावच नको. अरे, बायको आणलीस की कपाट?” बाई मुलाला फोनवर म्हणाल्या.

मुलगा हसला. मग म्हणाला, “ते राहू दे, आई. तिचं कार्ड तेवढं काढून घे. आणि जाताना तुझं जुनं कार्ड बरोबर ने, तपासायला मागतात.”

मुलगा फौजेत साधा ड्रायव्हर. दंडावर एक फीत, तीही गेल्या वर्षी लागलेली. पण आईला अख्खी गल्ली कर्नलीण म्हणायची, कारण नळावरची रांग कशी लागावी इथपासून कुणाच्या पोरीने कुणाशी बोलावं इथपर्यंतचे हुकूम त्यांच्या ओट्यावरून सुटत. लोक हे नाव पाठीमागे घेत. बाईंना ते माहीत होतं. त्यांना ती शिवी कधी वाटली नाही, बढतीच वाटली.

कार्ड म्हणजे फौजेतल्या माणसाच्या घरच्यांना मिळतं ते ओळखपत्र. त्यावर छावणीच्या फाटकातून आत जाता येतं, फौजी दवाखान्यात औषध मिळतं. आणि ज्याचं कार्ड नाही ते माणूस फौजेच्या लेखी जन्मालाच आलेलं नाही. लग्नाची बायको असो, कार्ड नसेल तर उद्या काही बरंवाईट झाल्यावर तिचं दार वाजवायलाही कुणी येणार नाही. मुलगा फोनवर हे बोलला नव्हता. पण नऊ वर्षं फौजेतल्या पोराची आई होऊन राहिलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही.

बाईंचं स्वतःचं कार्ड नऊ वर्षांचं, रुमालात गुंडाळलेलं. त्यांना साखरेचा आजार. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी त्या त्यांच्या इस्त्रीच्या दुकानात उभ्या होत्या आणि काहीतरी जळाल्याचा वास आला. कुणाचा सदरा करपला म्हणून त्यांनी टेबल बघितलं, घड्या बघितल्या. शेवटी खाली बघितलं तर जमिनीवर टेकवलेल्या गरम इस्त्रीला त्यांचाच पाय चिकटला होता. दुखलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं. तळवे केव्हाच बधिर झाले होते. तेव्हा दुकान बंद झालं आणि कार्ड दाखवून दर महिन्याला इंजेक्शनच्या बाटल्या आणायचं सुरू झालं. तेच औषध बाहेरच्या दुकानात काय भावाने पडतं हे त्या एकदा विचारून आल्या होत्या. विचारलं आणि गप्प परत आल्या. कर्नलीणबाई गप्प परत आल्याची ती आयुष्यातली एकच वेळ.

तर सुनेचं कार्ड. मुलाच्या युनिटकडून आलेलं पत्र तीस दिवस चालणार होतं. सुनेच्या जन्मदाखल्यावर नाव एका वेलांटीने चुकलेलं, आणि ऱ्हस्वाची दीर्घ करायला नगरपालिकेने अठ्ठावीस दिवस घेतले. “एवढ्यात माणूस दुसरी पोर जन्माला घालून तिचं बारसं करील,” बाई तिथल्या कारकुनाला म्हणाल्या होत्या. तिसाव्या दिवशी, म्हणजे आज, सासू पुढे आणि सून मागे अशा दोघी छावणीच्या फाटकातून आत शिरल्या.

आत सगळं एका मापाचं. रस्त्याच्या कडेला चुना लावलेले दगड, प्रत्येक दगड मागच्याएवढाच. झाडांच्या बुंध्यांनासुद्धा कमरेपर्यंत चुना. बाईंना ही शिस्त आवडायची. चालता चालता त्यांच्या लक्षात आलं की मागची पावलं थांबलीत. वळून बघितलं तर सून वीस हात मागे वाकलेली. ती आली, बाईंची उजवी चप्पल हातात घेऊन. बाई एवढा रस्ता एका पायात चप्पल आणि एका पायात काहीच नाही अशा चालल्या होत्या. सुनेने खाली बसून चप्पल पायात अडकवली, तळवा उलटा करून काही रुतलं नाही ना ते बघितलं.

“तोंडाने सांगता येत नाही? हाक मारली असतीस तर जीभ झिजली असती?”

सून उठली. हाताची धूळ झटकली. बस.

ओळखपत्रांच्या खोलीत तीन खिडक्या होत्या. पहिली चौकशीची, तिथे कुणी नव्हतं. दुसरी बंद. तिसरीपुढे रांग, आणि खिडकीवर निळ्या अक्षरांची पाटी. भिंतीला दोन बाकडी, कोपऱ्यात साखळीने बांधलेला पेला, आणि एका अख्ख्या भिंतीवर चिकटवलेले छापील कागद. ते कुणी वाचत नव्हतं. सून मात्र जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि पहिल्या कागदापासून वाचायला लागली. सिनेमाच्या जाहिराती असाव्यात तशी.

बाई बाकड्यावर बसून पाटीवरची अक्षरं लावायला लागल्या. दुसरीपर्यंतचं शिक्षण, त्यामुळे एकेक अक्षर उचलून पुढच्याला जोडावं लागे. अ. व. लं. बि. त. हा शब्द त्यांच्या कार्डावरही होता, पण इतक्या बारीक टाइपात की नऊ वर्षं त्यांनी ती नक्षी समजून सोडून दिली होती.

“लोंबणाऱ्या माणसांची खिडकी का हो ही?” त्यांनी शेजारी मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या बाईला विचारलं.

ती फिस्सकन हसली. “अवलंबित, मावशी. म्हणजे आपण.”

“आपण म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे. नवरा कमावतो, आपण खातो. हे बघा ना,” तिने बाळाचं पोट दाबलं, “हा सगळ्यात मोठा अवलंबित.”

बाईंनी मान फिरवली. दुसऱ्याच्या जिवावर. नवरा गेला तेव्हा पोर तीन वर्षांचं होतं. बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या कॉलरी ताठ केल्या. भाऊ न्यायला आला होता, त्याला पाण्याचा पेला देऊन परत पाठवला होता. आता या निळ्या पाटीखाली त्या बसल्या होत्या. त्यांनी पाटीवरची अक्षरं परत एकदा लावली. तोच शब्द निघाला.

दोन तास गेले. नंबर आला तेव्हा सव्वाबारा झाले होते. खिडकीतल्या कारकुनाचं नाक सर्दीने लाल झालेलं, बोलणं अर्धं नाकातून. वाईट माणूस नव्हता, फक्त सकाळपासून तेच तेच विचारून तो झिजला होता. त्याने सुनेला कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत बसवलं.

“हनुवटी वर. दोन्ही कान दिसू द्या. हसायचं नाही.”

“त्याची काळजी तुम्ही करू नका,” बाई म्हणाल्या.

खटका वाजला. कारकून फॉर्म बघून यंत्रावर अक्षरं बडवू लागला आणि बडवता बडवता वाचू लागला. “नातं, पत्नी. रक्तगट, बी. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर तीळ. सैनिकाला काही झाल्यास आधी कोणाला कळवायचं, पत्नी.”

“काय म्हणालात?” बाई म्हणाल्या.

“कुठलं?”

“ते शेवटचं.”

“काही झालं तर आधी कोणाला कळवायचं. पूर्वी ‘आई’ होतं, आता त्याने ‘पत्नी’ केलंय. ही बघा त्याची सही.” त्याने फॉर्म काचेला लावला. सही मुलाचीच होती. शेवटच्या अक्षराचा पाय लांब ओढलेला, तोही त्याचाच. शाळेत त्यासाठी छडी खाल्ली होती त्याने.

बाईंना काही वाटलं नाही. वाट बघितली, तरी वाटलं नाही. काचेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. कारकुनाच्या टेबलावर औषधी बामाची डबी उघडी होती. सगळं नीट दिसत होतं. बाजूला सून उभी होती, फॉर्मकडे बघत, तोंडावर रेघ नाही.

“आणि मावशी, तुमचं जुनं कार्ड द्या,” कारकून म्हणाला. बाईंनी रुमाल सोडून कार्ड आत सरकवलं. त्याने मान वर न करता रोजचा प्रश्न विचारला, “तुम्ही अजून अवलंबित आहात ना?”

“मी?”

“हो, तुम्ही.”

“मी कुणाच्या जिवावर जगत नाही.” आवाज अख्ख्या खोलीत गेला. मागचं बाळ दचकलं. “बावीस वर्षं या गावाचे कपडे मी कडक केलेत. तो माझ्या जिवावर वाढला. अवलंबित असेल तर तो असेल. तो लोंबलाय माझ्या गळ्यात, मी नाही.”

कारकुनाने नाक पुसलं. “म्हणजे ‘नाही’ लिहू?”

“लिहा. ठळक लिहा.”

त्याने लिहिलं. बाईंचं कार्ड उचललं, ड्रॉवर उघडला, त्यात टाकलं, ड्रॉवर लावला. “नाव कमी झालं. पुढे कोण?”

बाईंनी खिडकीच्या कडेवरचा रुमाल उचलला. तो आता नुसता रुमाल होता. इंजेक्शनची शेवटची बाटली घरी माठामागे, अर्धी. हे त्यांना आठवलं, पण एखाद्या शेजारणीबद्दल आठवावं तसं. त्या बाजूला झाल्या.

सून झाली नाही.

“असं करता येत नाही, साहेब,” ती म्हणाली.

बाईंनी आधी मागे बघितलं, कोण बोललं म्हणून.

“काय करता येत नाही?”

“तोंडी नाव कमी करता येत नाही. सैनिकाचा लेखी अर्ज लागतो. कलम सात. भिंतीवर डावीकडून दुसरा कागद, खालून तिसरी ओळ.”

कारकुनाने चष्मा कपाळावर घेतला. “तो कागद मीच चिकटवलाय, ताई.”

“मग वाचलाही असेल.”

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कारकून उठला, बाहेर आला, भिंतीपाशी गेला, बोट लावून तिसरी ओळ वाचली आणि परत जाऊन बसला.

“कलम बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण मीही माझ्या कानांनी ऐकलंय आणि नोंद करून बसलोय. आता ती नोंद खोडायची तर यांचं निवेदन पाहिजे. तोंडाने सांगा, मी उतरवून घेतो. ‘मी माझ्या मुलावर अवलंबित आहे.’ एवढंच. मग सही. आणि लवकर सांगा, एकला खिडकी बंद. फाईल एकच आहे, यांचं मिटल्याशिवाय तुमचंही कार्ड निघणार नाही.”

“आणि उद्या?”

“उद्या तुमचं पत्र शिळं. नवं मागवा.”

नवं पत्र म्हणजे मुलगा जिथे होता तिथून एक महिना, कदाचित दोन. तोवर सून कुणाची कुणी नाही, आणि बाईंची बाटली अर्धी. घड्याळात एकला वीस कमी.

“सांगा, मावशी,” कारकून म्हणाला. त्याने पेन उचललं.

बाईंनी तोंड उघडलं. गल्लीतल्या चार बायकांना एका दमात गार करणारं तोंड ते. मी, एवढं निघालं. पुढचं निघेना. त्या परत म्हणाल्या, “मी.” बाळवाली बघत होती. रांग बघत होती. जीभ तोंडात होती, पण तळव्यासारखी झाली होती, आपली असून आपली नसलेली.

“मी लिहिते,” सून म्हणाली. “कागद द्या.”

तिने खिडकीच्या कडेवर कागद टेकवला आणि भराभर लिहिलं. मग पेनासकट बाईंपुढे धरला.

“काय लिहिलंस? वाच आधी. न वाचता मी कशावरही सही करत नाही.”

सुनेने कागद स्वतःकडे वळवला आणि सरळ आवाजात वाचलं. “मी खाली सही करणार लिहून देते की, माझा मुलगा मी एकटीने वाढवला. माझ्या इस्त्रीवर तो मोठा झाला. मी कोणापुढे हात पसरला नाही. माझा मुलगा माझ्यावर अवलंबून होता आणि अजून आहे. तरी माझं कार्ड माझं मला परत देण्यात यावं.”

कारकुनाने काचेतून कागदाकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं. सुनेने त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि शिक्क्याची डबी शोधायला लागला, जी त्याच्या कोपराशीच होती.

बाईंनी कागद हातात घेतला. अक्षर गोल, सुटं, ओळीला धरून. वाचायला जेवढा वेळ लागला त्या मानाने ओळी फार थोड्या होत्या. अडीच. पहिल्या ओळीच्या मधोमध एक शब्द होता. तो त्यांनी सकाळपासून त्या निळ्या पाटीवर इतक्यांदा लावला होता की आता लावावा लागला नाही, एकदम दिसला. अ व लं बि त.

त्यांनी कागद खिडकीच्या कडेवर टेकवला. मग पेन घेतलं आणि सही केली. त्यांच्या सहीला वेळ लागे. रांगेतल्या कुणी घाई केली नाही.

शिक्का बसला. ड्रॉवर उघडला. जुनं कार्ड बाहेर आलं, आणि थोड्या वेळाने यंत्राच्या फटीतून नवं, गरम. फोटोत सुनेचे दोन्ही कान दिसत होते. नातं, पत्नी. खाली बारीक टाइपात तोच शब्द. कारकून म्हणाला, “जपून ठेवा.” आणि फळी ओढून खिडकी बंद केली. एकला तीन मिनिटं कमी होती, पण कुणी भांडलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर सावली होती. बाई बसल्या. चालायची घाई नव्हती आणि पायांवर त्यांचा भरवसाही नव्हता. सून दोन पायऱ्या खाली बसली, नवं कार्ड दोन बोटांत कडेला धरून. समोरून शिपायांची एक तुकडी पावलं आपटत गेली. धूळ उठली, बसली.

“ती ओळ मी मागितली नव्हती,” सून म्हणाली.

“कुठली?”

“आधी कळवायची.”

बाईंनी वाकून चप्पल पायात आहे ना ते बघितलं.

“जायच्या सकाळी सांगितलं त्यांनी. म्हणाले, काही बरंवाईट झालं तर दर वेळी सांगायला माणूस येतोच असं नाही, कधी नुसता कागद येतो. आईला नीट वाचता येत नाही. ती तो कागद घेऊन गल्लीभर हिंडेल, कुणी वाचून देतं का म्हणून. ते नको. तू वाच.” ती कार्डाकडे बघत बोलत होती, दूधवाल्याचा निरोप सांगावा तशी. “तेव्हापासून तोंड उघडलं की पहिल्यांदा तेच येईल असं वाटतं. कागदावरचं. म्हणून मग मी उघडतच नाही.”

तुकडी मैदानाच्या टोकाला जाऊन वळली. कुणीतरी आकडे मोजत होतं, एक दोन, एक दोन. आवाज उशिरा पोचत होता.

“मला नाही जमणार ते, आई.”

बाईंनी रुमाल मांडीवर पसरला. स्वतःचं कार्ड त्यावर ठेवलं. मग हात पुढे केला, सुनेच्या बोटांतलं कार्ड काढून घेतलं, ते आपल्या कार्डावर ठेवलं आणि रुमालाची गाठ मारली. गाठ घट्ट बसली की नाही ते बोटांना कळलं नाही, म्हणून दातांनी ओढून बघितली.

“वाचता मलाही येतं,” त्या म्हणाल्या. “दुसरीपर्यंत गेलेय मी. अडीच ओळी होत्या त्या कागदावर, आणि तू अख्खं पुराण वाचलंस.”

सुनेने वर बघितलं.

“खोटं वाचतेस तू. आज चालवून घेतलं. पण तो कागद आला, तर लिहिलंय तेच वाचायचं. आणि मोठ्याने वाचायचं.”